कोपराच्या उंचीचा कप्पा

“इथं आहे,” आई म्हणाली आणि रोहिणीचा शालू तिने माझ्यासमोर धरला. तिच्या उजव्या हाताचं बोट एका बुट्टीच्या शेजारी थांबलं होतं. “आणि इथं. पदरावर तर रांगच लागलीय.”

मी वाकून पाहिलं. मला काही दिसेना. शालू खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, तेव्हा टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली.

“कसर,” आई म्हणाली. “कपाटात कसर आहे तुमच्या.”

“अहो आई, लग्नातला आहे हो तो,” दारात उभी असलेली रोहिणी म्हणाली.

“म्हणून तर खाल्ला. तुझे ते नायलॉनचे ब्लाउज बघ, एकालाही तोंड लावलेलं नाही.”

हे बोलताना आई माझ्या बायकोकडे बघत नव्हती, दाराच्या चौकटीकडे बघत होती. तिला येऊन महिना होत आला होता आणि ही सवय आम्हा दोघांच्याही लक्षात आली होती. आपण बोलायला लागलो की ती आपल्या शेजारच्या भिंतीकडे, फ्रिजकडे, पडद्याकडे बघायची. रोहिणीला वाटायचं, सासूबाई आपल्यावर रागावल्या आहेत. मला काय वाटायचं ते मला धड सांगता आलं नसतं.

या गोष्टीला आता वीसहून जास्त वर्षं झाली. आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या बाहेर, नुकत्याच घेतलेल्या घरात राहत होतो. माडीवरची लहान खोली आईला दिली होती. त्या खोलीच्या भिंतीत एक कपाट होतं, आत माणूस उभा राहील एवढं. शालू तिथंच टांगलेला होता आणि आईच्या साड्याही तिथंच होत्या.

डांबराच्या गोळ्यांनी रोहिणीचं डोकं दुखायचं. ऑफिसात मी विषय काढला, तेव्हा एकाने सांगितलं की त्याच्या आजोबांच्या घरात कपाटाला आतून सीडरच्या फळ्या मारलेल्या होत्या, त्या लाकडाच्या वासाला कसर येत नाही. बाजारात तयार फळ्या मिळतात. एकीच्या कडेला खाच असते, दुसरीच्या कडेला जीभ. एकात एक बसवत भिंत झाकत जायचं. घरच्या घरी होतं.

मी हे जेवताना सांगितलं. आई भाकरीचा तुकडा हातात धरून थांबली.

“नुसती फळी? औषध काही नाही?”

“काही नाही. वास.”

“बरं. मग कप्पे कसे करायचे ते मी सांगणार.”

“तुम्ही कशाला त्रास घेता आई?” रोहिणी म्हणाली.

“साड्या कोणाच्या ठेवायच्या आहेत? माझ्या ना?”

रोहिणीने माझ्याकडे पाहिलं. आईचं परतीचं तिकीट कोजागिरीनंतरचं होतं. ती गेल्यावर त्या कपाटात तिच्या साड्या असण्याचं कारण नव्हतं.

त्याच आठवड्यात दादाचा नागपूरहून फोन आला. दादा माझ्यापेक्षा मोठा, बँकेत होता आणि बोलण्यात वेळ घालवायचा नाही.

“विदू, आई जवळपास आहे का?”

“माडीवर आहे.”

“मग ऐक. मिरजेच्या भोसलेकाकांना तिने रस्त्यात ओळखलं नाही. अगदी समोरासमोर. ते म्हणाले, वहिनी माझ्याकडे बघून चालत्या झाल्या. इतक्या वर्षांचा शेजार. मग दुकानात म्हणे दहाच्या जागी पन्नास देऊन आली. विसरायला लागली असेल तर मी तिला एकटीला राहू देणार नाही. ती परतली की मिरजेच्या घराला कुलूप, आणि आई माझ्याकडे.”

“ती यायला तयार आहे?”

“तिला कोण विचारतंय? तू रोज बघतोयस. विसरते का, एवढंच मला सांग. दसऱ्यापर्यंत सांग, म्हणजे मला रजा टाकता येईल.”

मी हो म्हणालो. फोन ठेवून वळलो तर आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती.

“अरविंद होता?”

“हो.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. तब्येत विचारत होता.”

“माझी ना?” आई म्हणाली. तिची नजर फोनच्या वरच्या भिंतीवर होती. “चल, फळ्या कधी आणायच्या?”

फळ्या आणायला ती माझ्याबरोबर दुकानात आली. तिथल्या माणसाने गठ्ठा फोडून एक फळी तिच्या हातात दिली आणि तो तिला काहीतरी समजावून सांगायला लागला. आई त्याच्या शेजारच्या रंगाच्या डब्यांकडे बघत राहिली. तो जरा अवघडला आणि उरलेलं सगळं मला सांगितलं. आईने फळी नाकाशी धरली.

“शिसपेन्सिल तासली की येतो तो वास आहे रे हा.”

“पेन्सिली याच्याच करायचे पूर्वी.”

“मग शाळेच्या वर्गात झोपल्यासारखं होईल मला,” ती म्हणाली आणि हसली. आल्यापासून ती एवढी मोकळी पहिल्यांदाच हसली होती.

शनिवारी आम्ही काम सुरू केलं. कपाटातला दांडा काढला, जुनी फळी काढली, खालची पट्टी उचकटली. अमेरिकेतल्या भिंती पोकळ असतात. आत ठरावीक अंतरावर उभे लाकडी खांब आणि त्यांवर जाड पुठ्ठ्यासारखे चुन्याचे पत्रे. खिळा खांबावरच मारावा लागतो, नाहीतर तो पोकळीत जातो. खांब शोधायला मी एक छोटं यंत्र आणलं होतं. ते भिंतीवर फिरवलं की खांबापाशी वाजायचं. आई मात्र बोटाच्या पेराने भिंत वाजवत पुढे सरकत होती, नारळ निवडताना वाजवतात तशी.

“इथं भरीव आहे.”

माझं यंत्रही तिथंच वाजलं.

“आता मधल्या कप्प्याची उंची,” मी टेप सोडत म्हणालो. “किती घेऊ?”

“टेप ठेव तो. माझ्या कोपराएवढी.” ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि हात काटकोनात दुमडला. “इथं. खूण कर. पेन्सिलीने नको, खिळा ठोक लहानसा.”

“पेन्सिलीने काय वाईट?”

“खिळा ठोक म्हटलं ना.”

मी खिळा ठोकला. पण मला ते चमत्कारिक वाटलं. आईने सगळी नोकरी मिरजेत मुलींच्या शाळेत शिवण शिकवण्यात घालवली होती. अंदाजाने कापड कापणाऱ्या मुलीच्या हातातून ती कात्री काढून घ्यायची. आमच्या घरात टेप देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेला असायचा आणि तो दुसरीकडे ठेवला तर ओरडा बसायचा. तीच बाई आता कपाटाची खोली वितीने मोजत होती. वरच्या कप्प्याची उंची तिने खांद्यावरून घेतली, खालच्याची गुडघ्यावरून. कप्प्याची रुंदी म्हणजे घडी घातलेली साडी आणि वर चार बोटं.

“आई, तू टेप का वापरत नाहीस?”

“आयुष्यभर वापरला. कंटाळा आला.”

पहिली फळी सर्वांत महत्त्वाची असते. ती तिरकी बसली तर वरच्या सगळ्या तिरक्या जातात. मी लेव्हल ठेवली, काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला. आईने तिकडे बघितलंही नाही. तिने शिवणाच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ काढलं आणि फळीच्या कडेवर ठेवलं. रीळ डावीकडे गडगडत गेलं.

“तिरकी आहे.”

“बुडबुडा मधोमध आहे, आई. बघ.”

“रीळ खोटं बोलेल होय?”

आम्ही फळी काढली, पुन्हा बसवली. बुडबुडा मधोमध, रीळ डावीकडे. बराच वेळ हे चाललं. शेवटी मी रीळ हातात घेऊन पाहिलं. ते एका बाजूला चेपलेलं होतं.

“असं होय,” आई म्हणाली. “मग तुझ्या बाटलीचं ऐक.”

आणि ती पोट धरून हसली. ही बाई विसरायला लागली आहे असं त्या वेळी कोणी मला सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. पण संध्याकाळी तिने चहा ओतला तो कपाच्या शेजारी ओट्यावर ओतला. निम्मा ओघळ जमिनीवर आल्यावर ती थांबली.

रोहिणी फार्मसीत काम करायची. तिथल्या कोणाकडून ती स्मृतिभ्रंशाची लक्षणं विचारून आली आणि तिने आपली परीक्षा सुरू केली. परीक्षा म्हणजे गप्पांच्या ओघात विचारायचे प्रश्न. आईला ते पहिल्याच दिवशी कळलं असावं.

“आई, आज वार कोणता हो?”

“शुक्रवार. आणि तुझ्या कॅलेंडरवर अजून मागचाच महिना आहे, असं विदू सकाळी म्हणत होता.”

“हो का? बघते हं. तुमच्या शाळेच्या हेडमास्तरीणबाईंचं नाव काय होतं?”

“कुठल्या? मी पाच जणींच्या हाताखाली काम केलं. पाचही सांगू? परवा तू मला पंतप्रधान विचारलास. उद्या काय, राष्ट्रगीत म्हणून घेणार का?”

रोहिणी लाल झाली. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. आई शांतपणे शेंगा सोलत राहिली. सोललेले दाणे तिने एका भांड्यात टाकले, टरफलं दुसऱ्यात. काही चुकलं नाही.

पण तीच आई टीव्हीसमोर बसली की खिडकीकडे बघायची. आमच्याकडे जेवायला आलेल्या देशपांड्यांशी तासभर बोलून झाल्यावर, त्यांची बायको आत गेली असताना, तिने त्यांना विचारलं, “आणि तुम्ही कोण?” ते काही वेळ गप्प बसले होते हे खरं. ते बोलल्याबरोबर तिने आवाज ओळखला आणि सावरून घेतलं. पण देशपांडे जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “आईंना एकदा दाखवून घे रे.”

मला काही कळेनासं झालं. जे दिसत होतं त्याचे दोन ढीग करावेत तर दोन्ही सारखेच व्हायचे. शाळेतल्या माझ्या वर्गातल्या मुलांची नावं तिला माझ्याहून जास्त आठवत होती. आणि पुसायला दिलेलं निळं फडकं तिने काळं म्हणून बाजूला ठेवलं होतं.

घटस्थापनेच्या दिवशी रोहिणीने घरी हळदीकुंकू ठेवलं होतं. आसपासच्या गावांतल्या मराठी बायका येणार होत्या. कपाटाच्या दोन भिंती तोवर झाल्या होत्या आणि माडीवर पाऊल टाकलं की पेन्सिलीचा वास यायचा. दुपारी आई तयार होऊन खाली आली. बायका जमू लागल्या होत्या. ती जिन्यावर दिसल्याबरोबर बोलणं थांबलं.

आई काळी साडी नेसली होती. बारीक लाल काठांची काळीभोर इरकली. नवरात्रात, घट बसले त्या दिवशी, सवाष्णींना हळदीकुंकू द्यायला. बाबा गेल्यावरही हळदीकुंकू आईने सोडलं नव्हतं, पण काळं आमच्या घरात फक्त संक्रांतीला नेसायचे. हा नियम आईच्या तोंडूनच आम्ही ऐकलेला होता. सणाला काळी ओढणी घेतलेल्या माझ्या चुलतबहिणीला तिने एकदा दारातून परत पाठवलं होतं.

रोहिणी पुढे गेली. हळू आवाजात म्हणाली, “आई, आज संक्रांत नाहीये.”

आईचा हात कठड्यावर होता. तो तिथंच राहिला. मग तिने दुसऱ्या हाताने निऱ्यांजवळचा काठ चिमटीत धरला, बोटांत फिरवला आणि सोडून दिला.

“अमेरिकेत काय चालतं नि काय नाही, ते तू मला सांगणार?” ती मोठ्याने म्हणाली. दोघी-तिघी हसल्या. आई वळली आणि जिना चढून वर गेली. परत आली ती पिवळी साडी नेसून. मग तिने सगळ्यांना कुंकू लावलं. एकीच्या कपाळावर ते जरा बाजूला लागलं.

बायका गेल्यावर रोहिणी स्वयंपाकघरात ताटं विसळत म्हणाली, “आता तरी तुला पटलं ना? सण विसरल्या त्या. आपल्या आई सण विसरल्या, विदू.”

“हं.”

“दादांना सांग. मलाही बरं वाटत नाहीये, पण त्या मिरजेत एकट्या… गॅस चालू ठेवला, दार उघडं राहिलं तर? आपण इथून काय करणार आहोत?”

“उद्या करतो फोन.”

“आणि त्या कपाटाचं आता थांबव. कोणासाठी चाललंय ते?”

मी तिच्या हातातलं ताट घेऊन पुसायला लागलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी चहा घेऊन वर गेलो. आई खुर्ची घेऊन कपाटाच्या दारात बसली होती. मांडीवर कालची काळी साडी होती.

“रोहिणीला सुई ओवून दे म्हणावं. दोरा कुठलाही.”

“कुठल्या रंगाचा?”

“कुठलाही म्हटलं ना. जाडसर असला की झालं.”

मी सुई ओवून आणली. तिने काळ्या साडीच्या पदराचा कोपरा हाताने चाचपला आणि तिथं एक गाठीचा टाका घातला. एवढंच. दोरा दाताने तोडला आणि साडीची घडी घातली. मी शेजारी उभा होतो. ती माझ्या डावीकडच्या, नुकत्याच मारलेल्या फळ्यांकडे बघत होती.

“आई,” मी म्हणालो, “तू आल्यापासून माझ्याकडे एकदाही बघितलेलं नाहीस.”

“बघतेच आहे की आता.”

“तू भिंतीकडे बघतेयस.”

तिने मान वळवली आणि सरळ माझ्या चेहऱ्यावर डोळे रोखले. ते मला इतकं अनोळखी वाटलं की मी मागे सरकलो.

“आता बघतेय तुझ्याकडे,” ती म्हणाली. “आणि आता तू नाहीस. तुझ्या तोंडाच्या जागी डाग आहे नुसता. राखेचं बोट फिरवल्यासारखा.” तिने नजर पुन्हा फळ्यांकडे नेली. “आता आहेस. कान दिसतो. शर्टाची बाही दिसते. दाढी केलेली नाहीस.”

मी खाली बसलो.

“डोळ्यातल्या पडद्याच्या मधोमध खराब झालंय म्हणाले. सांगलीच्या डॉक्टरांनी बघितलं, पुण्याचाही एक झाला. मधलं जाणार, कडेचं राहणार. ठार आंधळी व्हायची नाही मी. चालता येतं, जिना दिसतो. पण जे बघायला जावं तेच दिसत नाही. रंग तर गेलेच. गडद ते सगळं एकच.”

“कधीपासून?”

“दोन दिवाळ्या झाल्या.”

“आणि कोणाला बोलली नाहीस?”

“कोणाला बोलू? भोसल्यांना ओळखलं नाही तर अरविंदने कुलूप विकत आणून ठेवलंय. डोळे गेले म्हटल्यावर तो त्याच दिवशी गाडीत बसला असता.” तिने काळी साडी माझ्या हातात ठेवली. “बॅगेत हिरवी आणि काळी दोन्ही आल्या, काल हिरवी म्हणून ही काढली मी. दोन्ही एकाच दुकानातल्या, तुझ्या बाबांनी एका वेळी घेतलेल्या. पोत तोच, काठ तोच. हात फसला. काल जिन्यावर रोहिणी म्हणाली तेव्हा कळलं.”

“मग तेव्हाच सांगायचं. ती रात्रभर रडली. तिला वाटलं तुझं डोकं…”

“मला माहीत आहे तिला काय वाटतं. वार कोणता, हेडमास्तरीण कोण!” आई हसली. “तेवढ्या बायकांत काय सांगणार होते मी?”

मी कपाटात पाहिलं. कोपराच्या उंचीचा खिळा, खांद्याच्या उंचीचा, गुडघ्याच्या.

“मग हे कपाट?”

“माझ्या घरातलं कपाट मला तोंडपाठ आहे. तिथं मी चुकत नाही, त्याने काही सिद्ध होत नाही. म्हटलं, परक्या घरात, परक्या लाकडात जमतंय का बघावं. इथं जमलं तर तिकडे स्वयंपाकघरही असंच लावून घेते. गणपत सुतार आहे. मसाल्याचे डबे, औषधं, सगळं.” ती थांबली. “अरविंद संक्रांतीला येतो दरवर्षी. त्याला मी स्वतः सांगणार. पण आधी दाखवणार आणि मग सांगणार. आधी सांगितलं तर तो दाखवू देणार नाही.”

“तो मला विचारतोय आई. दसऱ्यापर्यंत सांग म्हणालाय.”

“ऐकलं मी. जिन्यात होते. अरविंद फोनवर ओरडूनच बोलतो.” तिने हात पुढे केला, माझा खांदा सापडला, तिथं ठेवला. “काय सांगायचं ते तू ठरव. तुला खोटं बोल म्हणणार नाही. पण आधी माझे कप्पे कर.”

खाली जाऊन मी रोहिणीला सांगितलं. ती हातातलं काम टाकून वर धावली. वरून बराच वेळ दोघींचा आवाज येत होता, मध्येच हसण्याचाही. त्याच आठवड्यात ती आईला तिच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सांगलीत सांगितलेलंच त्यांनी इंग्रजीत सांगितलं. उपाय तेव्हा नव्हता.

दसऱ्याच्या आधी कपाट पूर्ण झालं. कप्प्यांच्या कडांना आईच्या सांगण्यावरून मी सोफ्याला मारतात तसे गोल माथ्याचे पितळी खिळे मारले. एक खिळा तिथं सुती, दोन तिथं रेशमी, तीन तिथं सणाच्या. आतल्या फळ्यांना पॉलिश लावायचं नव्हतं, लावलं तर वास कोंडतो. रोहिणीने तिचा भोकं पडलेला शालू दुरुस्त करायला दिला होता, तो आला आणि तीन खिळ्यांच्या कप्प्यात गेला.

“आता तू,” आई मला म्हणाली. “डोळे मीट. फसवायचं नाही. हिरवी इरकली काढून दे.”

मी डोळे मिटून आत गेलो. वास नाकात भरला आणि पहिल्याच क्षणी डावं-उजवं कळेनासं झालं. खांदा फळीवर आपटला. कप्प्याची कड सापडली, खिळे चाचपले, दोन, मग आणखी एक, तो दुसऱ्या कप्प्याचा होता की याच कप्प्याचा, ते समजेना. दारात रोहिणी हसू दाबत होती. शेवटी एक साडी ओढून मी आईच्या हातात दिली. तिने पदराच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

“संक्रांत,” ती म्हणाली.

मग ती उठली, आत गेली आणि हात सरळ पुढे करून हिरवी घेऊन आली.

संध्याकाळी मी दादाला फोन लावला. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. रोहिणी तिच्या शेजारी.

“बोल,” दादा म्हणाला. “विसरते का?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की. आमच्या कॅलेंडरवरचा महिनासुद्धा ती दुरुस्त करते.”

“मग भोसल्यांना ओळखलं कसं नाही?”

“ते तिला विचार. संक्रांतीला जाशील तेव्हा.”

दादाने आवाज खाली आणला. “विदू, तू काहीतरी लपवतोयस.”

“तू विचारलंस, विसरते का. विसरत नाही. दादा, कुलूप नको लावूस. संक्रांतीपर्यंत तरी.”

“आणि मध्ये काही झालं तर?”

मी म्हणालो, “तर माझी जबाबदारी.” आठ हजार मैलांवर बसून घेतलेली जबाबदारी किती वजनाची असते ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. दादा बरं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. आई उठली आणि वर जाऊन बॅग भरायला लागली. फळ्यांचे उरलेले तुकडे तिने जुन्या पदराच्या फडक्यात बांधून बॅगेच्या तळाशी घातले.

साड्याही सगळ्या परत नेल्या, पिवळी एक सोडून. ती तिने तीन खिळ्यांच्या कप्प्यात ठेवली. “पुन्हा आले तर नेसायला एक असू दे,” एवढंच म्हणाली.

संक्रांतीला दादा मिरजेला गेला. आईने त्याच्यादेखत कपाटातून काळी साडी काढली आणि नेसली. मग त्याला खाली बसवून सगळं सांगितलं. तो मला फोनवर खूप बोलला. ते मी ऐकून घेतलं. पण घराला कुलूप लागलं नाही, आणि पुढची कितीतरी वर्षं आई त्या घरात राहिली.

मला मात्र डेट्रॉइटच्या विमानतळावरची आई आठवते. विमान कंपनीची बाई चाकांची खुर्ची घेऊन आली होती. आईने ती परत पाठवली आणि आपल्या हाताने काढलेली हिरवी साडी सावरत, पर्स काखेत घट्ट धरून, एकटी आत निघाली. काचेच्या दारापलीकडे गेल्यावर ती थांबली आणि मागे वळली.

शेजारी उभे असलेले एक गृहस्थ मला म्हणाले, “तुमच्या आई तुम्हाला शोधतायत वाटतं. भलतीकडेच बघतायत.”

आईची नजर माझ्या शेजारच्या खांबावर खिळली होती. मी हात वर केला. तिनेही केला.